डिकीतली कवळी

पडद्यांची शिलाई करणाऱ्या काकूंना सगळे पडदेकाकू म्हणत. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबणाऱ्या त्या. गिऱ्हाइकांकडे मापं घ्यायला जायची त्यांची करडी स्कूटर आख्ख्या पेठेला ओळखीची होती.

एका दुपारी त्या बाजारातून कापड घेऊन घरी आल्या. टेप काढायला स्कूटरची डिकी उघडली, तर आत डबीत कवळी! काकूंचे स्वतःचे दात तर शाबूत होते. त्यांनी नंबरप्लेट पाहिली, तर तीही भलतीच. त्यांची झिजलेली किल्ली दुसऱ्याच करड्या स्कूटरला लागली होती.

"वहिनी, गप्प बसा," दीर म्हणाला. "आपल्यापेक्षा नवी आहे की!"

"भावजी, कुणीतरी तिकडे दातांवाचून बसलंय!"

चोरीच्या गाडीवर बसायचं कसं, म्हणून काकूंनी ती ढकलत पोलीस चौकीपर्यंत नेली.

"माझ्या हातून चोरी झालीय," त्या फौजदारबाईंना धापा टाकत म्हणाल्या. "मला अटक करा, पण आधी हे दात पोचवा."

"माफे दाफ!" तक्रार द्यायला आलेले एक आजोबा बाकावरून ताडकन उठले. ते ट्रम्पेट वाजवायचे. संध्याकाळी कार्यक्रम होता आणि दुरुस्त करून आणलेली कवळी स्कूटरसकट गेली होती.

फौजदारबाईंनी हसू कसंबसं आवरलं. "काकू, दुसऱ्याची आहे हे माहीत असताना नेलीत?"

"छे हो! माझीच समजून."

"मग चोरी कसली? दुसऱ्याची वस्तू लबाडीनं नेली तर चोरी. तुमची नुसती चूक झाली."

"पण दीर म्हणत होता, ठेवून घ्या."

"कळल्यावर ठेवून घेतली असतीत, तर मात्र गुन्हा झाला असता. त्यांनाही सांगा!"

काकूंचा जीव भांड्यात पडला. आजोबांनी पाठ फिरवून कवळी बसवली आणि वळून ठणठणीत आवाजात म्हणाले, "बाई, संध्याकाळी यायचं हं. आरोपी म्हणून नाही, पाहुण्या म्हणून!"

मग त्यांनीच काकूंना मागे बसवून बाजारात त्यांच्या स्कूटरपाशी सोडलं.

संध्याकाळी काकू दिराला घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. आजोबांनी असा सूर लावला की सभागृह डोलायला लागलं.

"वहिनी, बरं झालं परत दिलीत," दीर पुटपुटला. काकूंना ते ऐकूच गेलं नाही. त्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.