बनशंकरीची घरं

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला सांगितलेलं नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तरी आता मला त्याचं फारसं काही वाटत नाही. फक्त एक आधीच सांगून ठेवते. मी रडणार नाही. आणि मधेच ‘जाऊ दे गं, वय लहान होतं’ असं म्हणायची घाई तुम्हीही करू नका. मला राग येतो.

धारवाडला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, पण हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं नाही. माझं गाव अळणावरच्या बाजूला, फाट्यावर उतरून आत जावं लागतं. रोज जाऊन-येऊन करणं जमणारं नव्हतं. प्रॅक्टिकल सुटेपर्यंत साडेपाच व्हायचे, आणि अळणावरला पोचेस्तोवर गावाकडची शेवटची बस निघून गेलेली असायची. म्हणजे खोली मिळाली तर शिक्षण, नाही तर घरी. तिसरा रस्ता नव्हता.

पहिल्या दिवशी अप्पा बरोबर आले. अप्पा म्हणजे माझे वडील. दुसऱ्याच्या भातशेतीवर राबून त्यांनी मला बी.एस्सी. केलं होतं, त्यामुळं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्यापुढं दोन पावलं चालत होते. रायापूरच्या बाजूला एका फाटकावर पाटी दिसली — खोली भाड्याने देणे आहे. घरमालक बाहेर आले. नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं. आणि मग तो प्रश्न आला.

आमच्या भागात आडनावावरून काही कळत नाही हो. गावाच्या नावाला ‘कर’ जोडलं की झालं आडनाव, आणि एकाच गावातल्या चार जाती तेच आडनाव लावतात. मग घरमालकानं करायचं काय? तोंडावर जात विचारायची? छे, इतकी असभ्य माणसं नाहीत ती. ती विचारतात — ‘तुमचं मनिदेवरु कुठलं?’ मनिदेवरु म्हणजे घरचा देव, कुलदैवत. मालक कानडी बोलणारा असो नाही तर मराठी, शब्द हाच. देव सांगितला की हळूच पुढचं येतं — नैवेद्याला काय करता? तेवढ्यावर त्यांना सगळं उमगतं.

अप्पांनी खरं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, कौतुकानं सांगितलं — आमची देवी, तिची जत्रा, जत्रेतला बकरा, सगळ्या वाडीला जेवण. ‘या की एकदा आमच्याकडं,’ असं आमंत्रणसुद्धा देऊन टाकलं. मालक हसले आणि म्हणाले, खोली कालच गेली, पाटी काढायची राहिली बघा. ती पाटी काढायची पुढं महिनाभर राहिली. खोली शोधत हिंडताना बसमधून मी ती बघत होते.

माझी जात कुठली? सांगणार नाही. आत्ता वाचता वाचता तो प्रश्न तुमच्या मनात येऊन गेला की नाही? खरं सांगा. तोच प्रश्न मी पुढं पाच घरांच्या दारात उभं राहून ऐकला. अप्पांना मी दुसऱ्या दिवसापासून नेलंच नाही.

सहाव्या घरी मी खोटं बोलले. आणि हे नीट ऐका — त्या खोट्याची मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटली नाही, आज वाटत नाही. प्रश्नच तसला असेल तर उत्तर तरी खरं का द्यायचं? बी.एस्सी.च्या सुट्टीत मी हुबळीत दाजीबानपेठेत एका साडीच्या दुकानात काम केलं होतं. मालक मूळचे मिरजेकडचे, दोन पिढ्यांपासून पेठेतच. दुकानातल्या गादीवर बायका बसायच्या, साड्या उलगडायच्या आणि घरच्या देवाधर्माचं बोलायच्या. घड्या घालता घालता माझे कान उघडेच होते. बदामीची बनशंकरी, पौषातली शाकंभरीची पौर्णिमा, त्या दिवशी नाना प्रकारच्या भाज्यांचा नैवेद्य, कांदा-लसूण घरात नाही — मला सगळं पाठ झालं होतं. परीक्षेला बसायचं आणि अभ्यास करायचा नाही, हे माझ्या स्वभावात नाही.

त्या घराच्या मालकीणबाई इंदूअक्का. वय साठीच्या पुढचं, नवऱ्याचं कापडदुकान होतं, नवरा गेल्यावर ते विकून या धारवाडच्या घरात एकट्या राहणाऱ्या. मागच्या दोन खोल्या मुलींना द्यायच्या. त्यांनी विचारलं, मी म्हटलं — बनशंकरी. अक्कांचा चेहरा असा उजळला! ‘अगं बाई, आमचीच की!’ म्हणून त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, आणि गूळ-शेंगदाणे दिले. घरमालकीण भाडेकरणीला हाताला धरून आत नेते, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या वाईट होत्या का? तुम्हाला वाईट बाई हवी असेल तर मी देऊ शकत नाही. मला ताप आला तेव्हा उशाशी बसून त्यांनी मऊ भात भरवला. ‘वैशू’ म्हणायच्या मला. प्रॅक्टिकलहून यायला उशीर झाला की फाटकाशी उभ्या असायच्या. मला ते सगळं आवडत होतं, हेही सांगून टाकते. माझा खरा देव सांगितला असता तर त्यातलं काहीच मिळालं नसतं हे ठाऊक असून आवडत होतं.

पहिल्या वर्षी पौषात त्यांनी मला नैवेद्याच्या भाज्या चिरायला बसवलं. पंचवीस-तीस तरी भाज्या होत्या. पडवळ, घेवडा, कच्ची केळी, काय नि काय. मी विळीवर बसले, पहिला लाल भोपळा पुढं ओढला आणि फोडायला लागले. अक्का ओरडल्या, ‘अगं थांब! तुमच्यात बायका भोपळा फोडत्यात होय?’ बाईनं अख्खा भोपळा पहिला फोडायचा नसतो — पुरुषानं एक घाव घालून द्यायचा, मग बाईनं चिरायचा. हे दुकानात कुणी बोललंच नव्हतं. आमच्याकडं भोपळा जिच्या हाताला लागेल ती फोडते. मी काहीतरी बोलले — अप्पा शेतावर असतात, घरात पुरुषमाणूस नसतं. अक्का हसल्या आणि शेजारच्या काकांना हाक मारून त्यांच्याकडून घाव घालून घेतला. पण हसायच्या आधी क्षणभर त्या माझ्याकडं बघत राहिल्या होत्या. ते बघणं माझ्या अंगातून गेलं नाही.

आता येते मी त्या खऱ्या गोष्टीकडं. किती वळसे घातले, बघा ना.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला शेजारची खोली रिकामी झाली. एका रविवारी सकाळी मी नि अक्का कट्ट्यावर मेथी निवडत बसलो होतो. फाटक वाजलं. छातीशी फाईल धरून एक मुलगी आत आली. दीपा.

दीपा ओढ्यापलीकडच्या गावातली. आमचीच, आमच्याच जातीची. तिची आई आणि माझी आई एका टोळीत भाताची लावणी करतात. आम्ही लहानपणी एका बांधावर बसून भाकरी खाल्लेली आहे. बी.एस्सी.ला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते, आणि आता माझ्याच विषयाला पहिल्या वर्षात प्रवेश मिळाला होता. तिनं मला बघितलं. चेहऱ्यावर हसू आलंच होतं — आणि तिनं ते तिथंच थांबवलं. अक्कांचं कुंकू, दारातलं तुळशीवृंदावन, मेथीच्या जुड्या, त्यात बसलेली मी — एवढ्यावरून तिला सगळं कळलं. ती माझ्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघू लागली. मी काही खूण केली नव्हती. तिनं आपणहून मला सांभाळून घेतलं.

अक्कांनी विचारलं. नाव, गाव, मनिदेवरु. आणि दीपा म्हणाली, ‘बनशंकरी. पौषात भाज्यांचा नैवेद्य असतो, अक्का.’

माझेच शब्द होते ते. दिवाळीला घरी गेले तेव्हा मी आईला हसत हसत सांगितले होते — बघ, कशी टोपी घातली म्हातारीला! आईनं ते लावणीच्या चिखलात दीपाच्या आईला सांगितले असणार. पोरीला खोली मिळत नाही म्हणून ती रडत असेल, आणि माझ्या आईनं जवळ होतं ते दिलं.

अक्का खूश झाल्या. पण एका घरात लागोपाठ दोघी, दोघी एकाच भागातल्या, दोघींची एकच देवी! त्या माझ्याकडं वळल्या. ‘तुझ्याच बाजूची हाय की गं, वैशू. तुला ठाऊक आसंल. खरं हाय न्हवं?’

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ‘ठाऊक नाही बाई’ म्हटलं असतं तरी कदाचित तिला खोली मिळाली असती.

मी मेथीवरून नजर वर न करता म्हणाले, ‘त्या गावात बनशंकरीची घरं नाहीत, अक्का.’

भीती वाटली का? वाटली. तिची आई भेटायला येईल, आमच्या घरचं काही बोलून जाईल, अक्कांना तो भोपळा आठवेल. हे सगळं डोक्यात आलं होतं. पण मी ते कारण म्हणून पुढं करत नाही. मला विचार करायला वेळ होता. एक काडी उचलून पानं खुडायला जेवढा वेळ लागतो तेवढा होता, आणि तेवढ्यात मी दीपाला सोडून दिलं.

अक्कांचा चेहरा बंद झाला. त्या म्हणाल्या, ‘खोली द्यायची न्हाई ठरलंय बाळ. पाव्हणं येणार हायत.’ दीपानं फाईल छातीशी घट्ट धरली. एक शब्द — एकच शब्द ती बोलली असती तर त्या दुपारी माझी पेटी रस्त्यावर असती. ती म्हणाली, ‘बरं अक्का, येते.’ मग माझ्याकडं बघून मलाही म्हणाली, ‘येते.’ आणि जाताना तिनं फाटकाची कडी नीट लावली.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. दीपाला ती खोली मिळाली नाही म्हणे. आधीच कुणीतरी घेतली होती, आणि वैशू त्या दिवशी कॉलेजला गेलेली, भेट झाली नाही — असं दीपानं घरी सांगितलं होतं. मी म्हटलं, हो, गेले होते. रविवारी कॉलेज नसतं, हे आईच्या लक्षात आलं नाही.

चार महिने ती मिळेल त्या गाडीनं फाट्यापर्यंत आली आणि तिथून अंधारात चालत घरी गेली. त्यात एकदा पावलं मागं लागली, कुणाची ते कळलं नाही, आणि तिच्या आईनं शिक्षण थांबवलं. आज ती अळणावरला एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. मी कलघटगीत मुलांना रसायनशास्त्र शिकवते. बरं शिकवते असं म्हणतात.

त्या वर्षीच्या पौषात नैवेद्याचं ताट देवापुढं न्यायचा मान अक्कांनी मला दिला. म्हणाल्या, ‘त्या पोरीला तू वळखलंस म्हणून बरं झालं. न्हाईतर माझं घर बाटलं असतं.’ मी ताट घेतलं. देवापुढं ठेवलं, हात जोडले, आणि नंतर पोटभर जेवले. भोपळ्याची भाजी दोनदा घेतली.

तुम्ही म्हणाल, दोष त्या प्रश्नाचा आहे, त्या घरांचा आहे. आहेच! त्या घरांना मी माफ केलेलं नाही, त्यांच्याविषयी विचारा, मी तासभर बोलेन. पण मेथी निवडत होते ती मी. तिथं दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. दीपाचा नंबर माझ्याकडं आहे, आईनं दिलेला. मी फोन केलेला नाही आणि करणारही नाही. तिनं ‘असू दे गं’ म्हटलं तर मला हलकं वाटेल, आणि तेवढ्यासाठी तिला पुन्हा कामाला लावायची माझी तयारी नाही. तुमच्याकडूनही काही नको.

दोन वर्षं मी त्या घरात राहिले. देव खोटा सांगितला, नैवेद्य खोटा, घरचं सगळं खोटं सांगितलं, आणि त्यातलं एकही मला बोचत नाही. त्या दोन वर्षांत अक्कांना मी एकच खरं वाक्य सांगितलं. त्या गावात बनशंकरीची घरं नाहीत. खरंच नाहीत — आणि ओढ्याच्या अलीकडं, माझ्या गावातही नाहीत.