चाकाच्या आगबोटीतले पणजोबा

आमच्या घरात पणजोबा अजून प्रवासात आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ते खलाशी म्हणून एका आगबोटीवर चढले आणि ती बसऱ्याच्या वाटेवर कुठेतरी बुडाली असावी. 'असावी' म्हणायचं, कारण ना मय्यत आली, ना निरोप. पणजीने बांगड्या उतरवल्या नाहीत. खात्रीची खबर आल्याशिवाय माझ्या नवऱ्यासाठी मेलेल्यांची फातिहा कोणी वाचायची नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं. पुढे तीही गेली. पण रत्नागिरीकडच्या आमच्या घरात दर शुक्रवारी समुद्रावर गेलेल्यांसाठी दुआ मागतात, त्यात पहिलं नाव अजून त्यांचंच. सुखरूप परत येऊ देत म्हणून.

कुवेतचं प्रकरण पेटलं तेव्हा अब्बा, म्हणजे माझे वडील, मक्केला उमरा करून आखातात नोकरीला असलेल्या आमच्याकडे धाहरानला आले होते. शेजारी भराभर सामान बांधत होते, पण अब्बा तिकिटाचं नाव काढू देईनात.

"आजोबांची खबर असली तर याच पाण्यात असणार," ते म्हणाले. "मी गेलो की त्यांची आठवण काढणारं कोण? माझ्या हातून एकदा फातिहा होऊ दे, मग पाठव कुठे ते."

मला काय, निमित्तच हवं होतं. मी समुद्राकाठी जन्मलेला, पण जेट्टीवर नुसतं उभं राहिलं तरी बोट लागणारा माणूस. बुडालेल्या बोटींचं कुतूहल मात्र दांडगं. जवळच्या कतीफच्या मासळीबाजारात मी सुरमईचा भाव नंतर आणि जुन्या आगबोटींची चौकशी आधी करू लागलो.

"एवढी चौकशी विमानाची केली असती, तर पोरं आज माझ्या माहेरी आंबोळ्या खात असती," बायको म्हणाली.

शेवटी एक म्हातारा नाखवा भेटला. तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला जायचा, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. किनाऱ्यावर लष्कराचा पहारा होता, बोटी रिकाम्या उभ्या होत्या, त्यामुळे त्याला वेळच वेळ. मी अब्बांना घेऊन गेलो, तेव्हा त्यांना बाकड्यावर बसवून त्याने वाळूत बोटाने एक मोठं चाक काढलं.

"मेरा बाबा मोती निकालता था. नीचे लोहे का जहाज देखा. बाजू में ऐसा चक्का."

अब्बा ताठ बसले. घरात पिढ्यान्‌पिढ्या त्या बोटीला 'चाकाची आगबोट' म्हणत आले होते. मी तर सुटलोच. चाक एका बाजूला की दोन्ही? फळ्या किती? धुराडं शाबूत होतं का?

"इतना मेरे बाबा ने नहीं गिना," नाखवा शांतपणे म्हणाला. "वो मोती ढूंढता था." मग त्याने विचारलं, "तुम्हारे जहाज का नाम?"

शंभर वर्षं दुआ मागत होतो, पण बोटीचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

अब्बा उठून पाण्याजवळ गेले. हात उचलले आणि तसेच खाली घेतले. ओठ हलले नव्हते.

गाडीत मी विचारलं, "फातिहा वाचली नाहीत? चाक तर जुळलं की."

"चाक जुळलं. माणूस कुठे जुळला?"

कितीतरी दिवस गावाला फोन लागत नव्हता, तो त्या संध्याकाळी लागला. आई रडत होती. "परवा शुक्रवारी तुम्हा सगळ्यांची नावं घेतली," ती म्हणाली, "आजोबांच्या पाठोपाठ."

अब्बांनी रिसीव्हर ठेवला. "आपली खबर नव्हती, तरी तिने आपल्याला प्रवासातच धरलं," ते म्हणाले. "मग मी आजोबांना बोटीतून कसा खाली उतरवू? तिकिटं काढ."

माझी सुट्टी काही मंजूर झाली नाही. बायको-मुलांबरोबर विमानतळावर निघताना अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शुक्रवारी तुझं नाव आजोबांच्या लगेच मागे घेईन. तुला बोट लागते, त्यांना ठाऊक असू दे."