शिशाचं क्लोराईड

बनशंकरीच्या आमच्या घरी आज कामवालीने न्हाणीघर धुवायला अ‍ॅसिड ओतलं आणि त्या वासासरशी मी साठ वर्षं मागे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले.

तीस मुलांत आम्ही दोघीच मुली होतो. कोणता क्षार पाण्यात विरघळतो आणि कोणता नाही, याचा तक्ता सरांनी फळ्यावर लिहिला होता. शिशाचं क्लोराईड त्यांनी ‘विरघळत नाही’च्या रकान्यात टाकलं. मी उठून म्हणाले, "सर, गार पाण्यात नाही, पण उकळत्या पाण्यात विरघळतं."

"नाही म्हणजे नाही, अम्मा," सर कानडीत म्हणाले. "पाणी उकळायची एवढी हौस असेल तर घरी जाऊन भातावर ओतायला सारू कर." सगळा वर्ग हसला.

माझे कान तापले. शिशाचा क्षार विरघळलेल्या पाण्यात अ‍ॅसिड घातल्यावर परीक्षानळीत जमलेला पांढरा साका, म्हणजे तेच क्लोराईड, मी स्पिरिटच्या दिव्यावर धरला. तो विरघळला, पाणी नितळ झालं. निवताना त्यात चकाकणाऱ्या सुया दिसू लागल्या, तशी सरांनी नळी माझ्या हातातून ओढून बेसिनमध्ये रिकामी केली आणि माझ्या वहीवर लाल फुली मारली.

घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "स्वल्प गप्प बसायला शिक." मी जेवले नाही.

सरांना इतकं साधं ठाऊक नाही, याचा तेव्हा संताप आला होता. आज त्याहून जास्त येतो, कारण त्यांना ते ठाऊक होतं. नसतं, तर नळीत काय होतंय ते पाहायला ते थांबले असते.