दोन वाकड्या करंगळ्या

मंडळी, आज सकाळी मुलाचा ऑस्ट्रेलियाहून व्हिडिओ कॉल आला. त्यानं त्याच्या शेजारच्या एका गृहस्थांची ओळख करून दिली. सत्तरच्या दशकात ते दिवसा वायरमन होते आणि संध्याकाळी मानधनावर बास्केटबॉल खेळायचे.

मीही तेव्हा सोलापुरात कापड गिरणीच्या बास्केटबॉल टीममध्ये होतो. चांगला खेळतो म्हणूनच मला मागावर कामाला घेतलं होतं.

त्यांनी बॉल लागून वाकडी झालेली करंगळी दाखवली. मग मीही माझी दाखवली.

मागून बायको म्हणाली, "अवो, तुमची तर मागाच्या धोट्यानं मोडलीय की."

शेजाऱ्यांनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

मुलानं इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणतेय, बाबा लई भारी खेळायचे."

हिनं माझी एकही मॅच पाहिलेली नाही. मुलाचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

मी काही दुरुस्त केलं नाही. तुम्ही केलं असतं का?