लक्ष्मीचं पाणी

१५ जानेवारी १९५८, बुधवार. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे कर. सकाळी आमच्या ओसरीवर मी शिंदीवाल्याच्या हातावर दोन रुपये विसार ठेवला. हजर चौघे: देणारा मी, घेणारा तो, चौकटीला टेकून उभी माझी बायको, आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली माझी आई. व्यवहार तिच्यासाठी होता आणि तिलाच तो मान्य नव्हता.

"करीच्या दिवशी पैसं देतुयास," ती भिंतीला म्हणाली, "आन् तेबी शिंदीवाल्याला."

आईला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला होता. पौडच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो उतरला, पण तिची अन्नावरची वासना गेली ती परत येईना. दूध उलटून पडे. तांदळाची पेज दोन घोटांत नको होई. गळ्यातली तुळशीची माळ पूर्वी मानेला नीट बसायची, ती आता हाडांच्या खळग्यात जाऊन पडत होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताप गेला आहे. आता अशक्तपणानं जाऊ देऊ नका. तुमच्याकडे नीरा मिळते का? पहाटेची, ताजी. वाटीवाटीनं द्या."

नीरा मिळण्यात अडचण नव्हती. कोळवणच्या खोऱ्यात ओढ्याकाठी शिंदीची झाडं पुष्कळ. दारूबंदीमुळे शिंदी पिणं आणि विकणं गुन्हा होता, पण नीरेला सरकारी परवाना मिळे आणि आमच्या शिंदीवाल्याकडे तो होता. रात्री मडक्यात झिरपलेला गोड रस म्हणजे नीरा. तोच रस ऊन लागून आंबला की शिंदी. झाडाचं नावही शिंदीच. एवढा हा शब्दांचा घोळ, आणि आई त्यातच अडकली होती.

तिला दोष देता येत नाही. तिच्या सख्ख्या भावाची भाताची जमीन या शिंदीपायीच गेली होती. लग्न होऊन इथं आल्यावर तिनं वडिलांच्या मागं लागून आमच्या बांधावरची शिंदीची झाडं तोडून घेतली. एक तेवढं ठेवलं, कारण घरच्या केरसुण्या त्याच्या पात्यांच्या व्हायच्या. त्या एकाच झाडाला आता शिंदीवाल्यानं शेंड्याखाली खाच पाडून मडकं बांधलं होतं.

गुरुवारी तो पहाटेच तांब्या घेऊन आला. रस फडक्यातून गाळला. मडक्याला आतून चुना फासलेला असतो, त्यानं रस लवकर आंबत नाही. तो चुना खाली बसेपर्यंत थांबलो. मग मी वाटी आईच्या तोंडाशी नेली. तिनं ओठ मिटले ते मिटलेच.

"आई, औषध आहे हे."

"माझा भाऊबी औशदच म्हनायचा."

ती नीरा आम्ही नवराबायकोनं प्यायली. शुक्रवारीही तेच झालं. शिंदीवाला जाताना म्हणाला, "मालक, तुमची तब्येत मातुर सुधारतीया." बायको हसली. मला हसू आलं नाही. आईनं दोन दिवसांत पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं आणि डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते.

शनिवारी बायको अंगण झाडत होती. थंडीनं तिची बोटं आखडली होती. केरसुणी हातातून निसटली आणि ती उचलायच्या आत तिचा पाय केरसुणीला लागला. आईची खाट ओसरीवरच होती. दोन दिवस नीट शब्द न बोललेली आई तिथून खेकसली, "अगं ए! लक्ष्मीला पाय लावतीस व्हय? पाया पड तिच्या!"

बायकोनं केरसुणीला हात लावून कपाळाला लावला. आमच्याकडे दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात आणि वर्षभर तिला लक्ष्मीच म्हणतात. पाया पडून झाल्यावर बायको तशीच ओणवी राहिली. मग केरसुणी हातात धरून खाटेपाशी गेली.

"आत्याबाई, ही लक्ष्मी कुटल्या झाडाची वो?"

तेवढ्यात तांब्या घेऊन शिंदीवाला अंगणात आला होता. तो मध्येच बोलला, "कुटल्या म्हंजी? तुमच्याच बांधावरच्या शिंदीची की. काल मडकं बांधताना चार पाती म्याच काढून ठेवल्यात तुमास्नी."

"तुला कुनी इचारलं, मुडद्या?" आई म्हणाली. पण तिचं तोंड आता भिंतीकडे नव्हतं. ती केरसुणीकडे बघत होती. मग तिनं मला विचारलं, "तुझा डाक्टर काय म्हंतोय तिच्या पान्याला?"

"नीरा."

"निरा न्हाई आन् फिरा न्हाई. लक्ष्मीचं पानी म्हना. आन् आदी देवापुढं ठेवा. देवाला चाललं तर मला चालंल."

देवापुढं वाटी ठेवली. देवानं हरकत घेतली नाही. आईनं दोन चमचे घेतले, डोळे मिटून, आणि आम्ही तिघं उलटी होते का म्हणून बघत उभे राहिलो. झाली नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ग्वाड हाय." आणखी दोन चमचे घेतले.

तिनं एक अट घातली. अंगणातल्या तुळशीवर ऊन पडायच्या आत आलं तर ते लक्ष्मीचं पाणी. ऊन पडल्यावर आलं तर ती शिंदी. पूर्वेचा डोंगर आडवा असल्यानं आमच्याकडे ऊन उशिरा उतरतं, त्यामुळं अट काही जड नव्हती. तरी एके दिवशी शिंदीवाल्याला उशीर झालाच.

"मावशी, शेंडाच उजाळलाय," तो म्हणाला. "बुंध्याशी अजून झुंजूमुंजूच हाय."

"शेंडा तुळशीचाच हाय न्हवं? जा घेऊन."

त्या दिवसाचे पैसे सोडायला तो तयार होता. पण झाडावर तो चढला होता आणि रस आणला होता, म्हणून मी ते हिशेबात धरले.

आठवड्याभरात दोन चमच्यांची वाटी झाली. मग एका दुपारी आईनं पेजेत मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली, तेव्हा बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. पुढं मऊ भात आला, मग दुधात कुस्करलेली भाकरी. शिंदीवाला बसला की त्या झाडाचे गुण सांगे: उन्हाळी लागून लघवीला जळजळलं तर हाच रस, दाढ ठणकली तर मुळी चघळायची, रस आटवून केलेला गूळ खोकल्यावर. यातलं किती खरं ते मला ठाऊक नाही. उन्हाळ्यात पिकलेल्या शिंदोळ्या मात्र मी लहानपणी पोटभर खाल्ल्या आहेत. गर कमी, बी मोठी, पण गोड. आई बरी होण्यात डॉक्टरांच्या गोळ्यांचा वाटा किती आणि झाडाचा किती, हेही मी वेगळं काढू शकत नाही. गोळ्यांनी ताप घालवला हे खरं. पण जे पहिलं तिच्या पोटात राहिलं ते या झाडाचं होतं, हेही तेवढंच खरं. आई त्यानंतर आठ वर्षं जगली. त्या आठ वर्षांबद्दल मी दोघांचाही ऋणी आहे.

होळीच्या दोन दिवस आधी शिंदीवाला म्हणाला, "आता ऊन वाढलं, रस लगीच आंबतुया. मडकं उतरवतो." आई काठी टेकत, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून बांधापर्यंत चालत गेली. तापानंतर एवढी लांब ती पहिल्यांदाच गेली होती. तिनं झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू वाहिलं आणि मुळाशी सव्वा रुपया ठेवला. मग वर, खाचेकडे बघत उभी राहिली.

"लई दुकलं आसंल गं तुला," ती झाडाला म्हणाली.

शिंदीवाला मडकं घेऊन खाली आला. त्यानं पैशांकडे बघितलं.

"मावशी, झाडाला खिसा कुटं हाय?"

"तू हायेस की त्याचा खिसा. घे. पर पिऊ नगंस त्याची."

हिशेब तिथंच बांधावर झाला. तो चव्वेचाळीस दिवस आला, तीन दिवस मेहुणीच्या लग्नाला गेला होता. रोजचे दोन आणे. आणे जाऊन नवे पैसे आले होते, आणि दोन आण्यांचे बारा की साडेबारा यावर तो रोज माझ्याशी अर्ध्या पैशाची हुज्जत घाली. एकदम हिशेब केल्यावर ती मिटली. अठ्ठ्याऐंशी आणे, म्हणजे साडेपाच रुपये. विसार वजा जाता साडेतीन मी त्याच्या हातावर ठेवले. सव्वा रुपया झाडाला दिला होता, तो त्यानं दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि खिशात टाकला.