आत्याचे सात ग्रह

माझी आत्या बस डेपोत वेळापत्रकं आखायची. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठे थांबेल, परतताना रिकामी तर येणार नाही, हे सगळं ती मोठ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी मांडायची. एकदा डेपोच्या जिन्यावरून घसरली, पाय मोडला, आणि प्लास्टर घालून सहा आठवडे आमच्याकडे राहायला आली.

मी तेव्हा शिक्षण संपवून नोकरीची वाट बघत होते. म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर अंतराळाचा खेळ खेळत होते. ग्रह वसवायचे, कारखाने उभारायचे, जहाजं धाडायची. आत्याचा पलंग त्याच खोलीत टाकला होता. दोन दिवस तिने नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना.

"सात ग्रह आणि सातही ठिकाणी शेत, खाण, कारखाना, प्रयोगशाळा. एक तरी धड चालतंय का?"

"सगळीकडे सगळं असलेलं बरं ना, आत्या."

"सरक जरा."

मग तिने वाटणीच करून टाकली. पाणी भरपूर असलेल्या ग्रहावर फक्त शेती. खडकाळ होता तिथे खाणी. थंड ग्रहावर प्रयोगशाळा, कारण तिथे डोकं शांत राहील म्हणे. नुसत्या वायूच्या अगडबंब गोळ्याला तिने माझ्या बाबांचं नाव दिलं आणि तिथून इंधन काढायचं ठरवलं.

"ताई, निदान उपयोगाचा तरी आहे म्हणायचा," बाबा दारातून म्हणाले.

जहाजांचं वेळापत्रक तिने कागदावरच आखलं. जाताना धान्य, येताना लोखंड. रिकामं जहाज दिसलं की तिच्या कपाळावर आठी उमटायची. पंधरा दिवसांत आमचं राज्य दुप्पट झालं.

आणि एका दुपारी शेजारच्या राज्याने धान्याची वाट अडवली. वाट एकच होती. तीन ग्रहांवरचा साठा संपला, माणसांचे आकडे भराभर खाली येऊ लागले.

"कालचा डाव परत उघडू या," मी म्हटलं. "तो साठवून ठेवलाय मी."

"नको. चूक माझी आहे. सगळ्यांचं पोट मी एकाच रस्त्याला टांगून ठेवलं."

त्या दुपारी ती जेवलीच नाही. आई वैतागली, "अहो, खेळ आहे तो!" आत्या पेन्सिलीला टोक करत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने लांबचा एक दुसरा मार्ग काढला. प्रत्येक ग्रहावर एक लहानसं शेत आणि एक कोठार ठेवलं. "काम जरा हळू होऊ दे," म्हणाली, "पण कुणी उपाशी नको." आठवडाभराने आकडे वर सरकायला लागले, तशी तिची कळी खुलली.

प्लास्टर निघालं. आत्या डेपोत परतली, तरी रविवारी यायची. पुढे मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि तो कॉम्प्युटरही एक दिवस बंद पडला तो पडलाच. डाव अर्धाच राहिला.

काही वर्षांनी मी नवा कॉम्प्युटर घेतला, तोच खेळ घातला आणि आत्याला बोलावून घेतलं. चष्मा पुसून ती माझ्याशेजारी बसली. आम्ही दोन ग्रह वसवले. तिसऱ्याच्या वेळी ती डेपोतल्या कुणाचा तरी किस्सा सांगायला लागली, त्यातून दुसरा निघाला, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी गप्पाच मारत राहिलो. पडदा ओढलेल्या खोलीतल्या त्या लांबच लांब दुपारी मात्र परत काही जमल्या नाहीत.