भुरीला ट्रकमध्ये जागा

ट्रक चालवणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. टायरच्या नक्षीत खडे अडकतात तसे ते आपोआप अडकून बसतात, आणि घरी येऊन गाडी धुवायला घेतली की एकेक निघायला लागतो!

मी तलवाड्याचा. बारा हंगाम एकच ऊसतोडीची टोळी नेली. दिवाळी झाली की शिरूर कासारकडच्या एका वस्तीवरून ती उचलायची, लांबच्या सहकारी कारखान्यावर सोडायची, आणि मग हंगामभर तिथंच उसाच्या खेपा. त्यातले फक्त कुत्र्यांचे किस्से सांगतो. बाकीचे सांगितले तर वस्तीवर मला चहा मिळायचा बंद होईल!

परवा पुण्याचा भाचा आला होता. त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. घरासारखी गाडी, तिच्यात गादी, शेगडी, आणि घरचे सगळे कुत्री घेऊन सुट्टीला निघालेले. "मामा, याला कॅराव्हॅन म्हणतात." मी तो गंगूबाईला दाखवला. गंगूबाई म्हणजे आमच्या टोळीतली सगळ्यात तिखट जिभेची बाई, आणि भुरी नावाच्या कुत्रीची मालकीण. तिनं शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाली, "ह्यात नवल काय हाय? आमी दरसाली जातो. आन् ह्यांच्या गाडीत तर एक बी कोंबडी न्हाई!"

*

हसलो खरा, पण ट्रक निघताना दरवर्षी यावरूनच भांडण व्हायचं. मुकादम अण्णा म्हणायचे, कुत्रं न्यायचं नाही. गंगूबाई म्हणायची, नेणार.

तिचं कारण साधं होतं. भुरीच्या आईला तिनं एका दुष्काळात वस्तीवर ठेवलं होतं. सगळी कुलपं लागलेली, मागं चार म्हातारी माणसं, आणि टँकर आला तर आला. गुढीपाडव्याला आम्ही परत आलो तेव्हा ती कुत्री हौदाच्या कडेला सापडली. हौद कोरडा होता. गंगूबाईनं त्या दिवशी सामानसुद्धा उतरवलं नाही. नंतर म्हणाली, "टँकर माणसांसाठी येतो. कुत्र्याला कोन वतनार?"

त्यामुळं भुरी जाणार म्हणजे जाणार!

*

पहिल्या वर्षी तिनं भुरीला चक्क गोधडीत गुंडाळून भांड्यांच्या मागं ठेवलं. अण्णा केबिनमध्ये माझ्या शेजारी. त्यांना पत्ता नाही. वाटेत चहाला थांबलो, तर माणसं मोजायला अण्णा मागं चढले आणि गोधडी शिंकली.

"कोन हाय गं त्यात?"

"सासू हाय. तापानं फणफणलीय."

"तुझी सासू जाऊन चार सालं झाली की!"

गंगूबाई जराही डगमगली नाही. "म्हनून तर तोंडावरून घेतलंय!"

अण्णा हसत हसतच खाली उतरले. त्यांना हसू आलं की त्यांचा नियम तेवढ्यापुरता सुटायचा, हे टोळीला तेव्हाच कळलं.

*

टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. परमेश्वर हा आमचा अर्धा. तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं, कारण दुष्काळी वस्तीवर पोरगी द्यायला कोणी तयार नव्हतं. त्याच्याकडं टायगर नावाचा कुत्रा होता. नावच तेवढं मोठं, बाकी तो शेळीला घाबरायचा.

कारखान्यावर क्लार्क नावं लिहून घेत होता. "परमेश्वर. एकटाच का? अर्धा कोयता."

"पुरा लिवा, साहेब. मी अर्धा, हा टायगर अर्धा."

क्लार्कसाहेबही मिश्कील गडी. शाईचा पॅड पुढं सरकवत म्हणाले, "मग ह्याचा अंगठा घेऊ का?"

"घ्या की! पर एकच घ्या, चारी दिले तर दोन कोयतं हुत्याल!"

रांगेतली सगळी माणसं खो खो हसली. परमेश्वरही हसला, पण रात्रीची भाकरी तो टायगरला शेजारी बसवूनच खायचा, हे मी बघितलेलं आहे.

*

एकदा धाब्यावर जेवणं झाली आणि गाडी निघाली. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर मागून पत्र्यावर ठोकाठोक. भुरी राहिली!

भरलेला ट्रक अरुंद रस्त्यावर वळवायचा म्हणजे खेळ नाही. अण्णा भडकले. "एका कुत्रीपायी ट्रक वळवायचा? डोकं फिरलं का रं समद्यांचं?"

गंगूबाईचा नवरा रंगनाथ बिचारा मऊ माणूस. तो बायकोला समजावू लागला, "जाऊ दे ना. म्या ऱ्हायलो असतो तर येवढा गोंधळ केला असता का?"

"बिलकूल न्हाई! तुमाला तोंड हाय, इचारत इचारत आला असता. तिनं कुनाला इचारावं?"

मी पुढच्या फाट्यावर गाडी वळवली. धाब्यावर जाऊन बघतो तर भुरी बाजेखाली पसरलेली, पुढ्यात हाडकांचा ढीग, आणि आमच्याकडं बघायलाही तयार नाही. धाबेवाला म्हणाला, "राहू द्या की इथंच." गंगूबाई ट्रकवरूनच ओरडली, "माहेर न्हाई ते तिचं! चल गं!" आणि भुरी मुकाट उठून आली.

*

मग घडलं उसातलं प्रकरण. त्या भागात बिबट्याची लई हवा. बायका तान्ही लेकरं बांधावरच्या झोळीत टाकायच्या आणि भुरी झोळीखाली बसायची. एके सकाळी ती उसाकडं तोंड करून अशी भुंकायला लागली की बायकांनी लेकरं उचलून घेतली. "बिबट्या! बिबट्या!" सगळे कोयते घेऊन धावले. परमेश्वर पुढं, टायगर त्याच्या पायात.

पाचट सळसळलं. ऊस हलला. आणि दोन्ही हातांनी पॅन्ट धरून बाहेर आले कारखान्याचे शेतकी साहेब! पाण्याची बाटली उसातच राहिली होती.

कोणी हसायची हिंमत करेना. गंगूबाईच पुढं झाली. "साहेब, येताना जरा खाकरत जावा. तिला वळख पटती."

साहेबांनी त्याच दिवशी अण्णांना फर्मावलं. पुढच्या हंगामात टोळीच्या अड्ड्यावर एकही कुत्रं दिसलं तर टोळी बदलली जाईल. यावेळी अण्णा हसले नाहीत. दहा कोयत्यांची भाकरी त्यांच्या एका शब्दावर होती, त्यांना तरी कसा दोष द्यायचा?

*

आणि नेमका पुढचा पावसाळा कोरडा गेला. दिवाळीलाच हौदाचा तळ दिसायला लागला. टायगरला परमेश्वरानं बहिणीच्या गावी उमापूरला सोडलं होतं. भुरीला ठेवून घेणारं असं कोणी पाव्हणं नव्हतं.

ट्रक भरला. अण्णा शेवटची निरवानिरव करत होते. त्यांची आई, वस्तीची आक्का, ओट्यावर बसली होती. बैलगाड्यांच्या काळात तिनं ऊस तोडला होता, पण गुडघे गेल्यापासून ती मागंच राहायची. ट्रकमध्ये ती कधी बसलीच नव्हती. अण्णा शेजारच्या मारुतीनानांना सांगत होते, "आईला दोन येळ भाकर द्या, पानी ठिवा. लई बोलाया लागली तर ध्यान देऊ नका."

नानांनी मान हलवली.

गंगूबाई भुरीची दोरी धरून उभी होती. तिचे डोळे भरले होते, आणि तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं. "अण्णा, हिचं कसं?"

"हिचं काय येवढं? नाना हायेत. दोन येळ भाकर, पानी. लई भुकली तर ध्यान द्यायचं न्हाई."

आक्का ओट्यावरून म्हणाली, "बरं केलंस बाबा. दोघींचं येकच सांगितलंस. नानाला ध्यानात ठिवाया सोपं."

ट्रकमध्ये आता कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या. अण्णा घरात गेले, आक्काचं गाठोडं घेऊन आले, आईला उचलून केबिनमध्ये माझ्या शेजारी बसवलं आणि गंगूबाईच्या हातातली दोरी काढून आक्काच्या हातात दिली. स्वतः मागं चढले, भांड्यांत जाऊन बसले.

मी गाडी सुरू केली. केबिन हादरली तशी आक्कानं एका हातानं दरवाज्याची कडी घट्ट धरली, दुसरा भुरीच्या पाठीवर ठेवला.

"हळू घे रं डायव्हर," ती म्हणाली. "ही कधी बसलेली न्हाई, भेती."

भुरीचा तो सातवा हंगाम होता. मी गाडी हळू घेतली.